पाण्याकडचे दोन बाण

उन्हाळा लागला की आमच्या दौंडच्या सोसायटीत टँकर येतो, आणि ग्रुपवर सूचना टाकायचं काम माझ्या गळ्यात पडतं. का, तर मला टायपिंग येतं. मोबाईलवर बोट दाबून धरलं की बाण उगवतात. उजवा, डावा, वर जाणारा, खाली येणारा, दोन्ही टोकांना तोंड असलेला, आणि एक तर स्वतःभोवतीच गिरकी घेणारा. कुणीतरी बसून हे सगळे करून ठेवलेत, आपण नुसतं बोट लावायचं. मी ‘पिण्याचे पाणी’ असं लिहिते, पुढे बाण टाकते, त्यापुढे ‘मागचे गेट’. आणि पाठवायच्या आधी माझा पाय हलायला लागतो. मी उठते, गॅलरीत जाते, परत येते, बाण नीट त्याच बाजूला आहे ना ते बघते. सून म्हणते, आई, एका बाणाला किती वेळ लावता. तिला कसं सांगू, एके काळी मला एका बाणाला अर्धा दिवस लागायचा.

पाय हलवायची खोड जुनी आहे. आई म्हणायची, बसल्या जागी पाय हलवणारीच्या घरात धान्य टिकत नाही. धान्य तसंही टिकत नव्हतं. वडील इंजिन शेडमध्ये खलाशी, खाणारी तोंडं पुष्कळ. माझ्या पायाचा त्यात काही दोष नव्हता. आणि दौंडात वाढलेल्या माणसाने स्वस्थ बसायचं तरी कसं? दिवसभर कुठली ना कुठली गाडी कुठेतरी निघालेली असते आणि तिची शिट्टी आपल्या उशाशी वाजते. मॅट्रिक झाल्यावर मी स्टेशनजवळच्या टायपिंगच्या क्लासला जायला लागले, ते काही टायपिंगच्या प्रेमाने नव्हे. घरात बसवत नव्हतं. तिथे सर बटणांवर रुमाल टाकायचे आणि न बघता मारा म्हणायचे. निदान बोटांना तरी पळायला मिळालं.

बहात्तरला पाऊस गेला तो गेलाच. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सगळा मुलूख खडी फोडत होता, नाहीतर माती वाहत होता. शिरूर तालुक्यात एका पाझर तलावाच्या कामावर तात्पुरती टायपिस्ट हवी होती. आईने भांडगावचं एक स्थळ जवळजवळ पक्कं करत आणलं होतं, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं. मी वडिलांना म्हटलं, मावशीचंच गाव आहे, तिच्याच घरी राहीन. ते हो म्हणाले आणि आईला काही बोलायची संधी मिळायच्या आत मी चौफुल्याच्या एसटीत बसले. तिथून गाडी बदलून न्हावऱ्यावरून शिरूर, आणि पुढे निमोण्याच्या रस्त्याने थोडं चालत. त्या गावाचं नाव सांगत नाही. आता तिथे तेव्हाच्या माणसांची नातवंडं-पतवंडं नांदतात, त्यांना कशाला त्रास.

मावशी एकटी राहायची. काका गेलेले, मूलबाळ नाही. अंगाने वाळलेली, पण चालायला लागली की मला पळावं लागायचं. तिच्याकडे दोन लुगडी होती. एक कामावरचं, ज्यात मूळ कापड किती आणि ठिगळं किती हे सांगणं अवघड. दुसरं पांढरं, पेटीत घडी घालून ठेवलेलं, ते फक्त चौदा एप्रिलच्या जयंतीला निघायचं. सकाळी आम्ही दोघी एकत्रच निघायचो. मावशी मातीची पाटी उचलायला, मी पत्र्याच्या शेडमध्ये. येताना तिच्या केसांत माती असायची आणि माझ्या बोटांना कार्बनची शाई. ती म्हणायची, दोघी काळ्याच, पर तुला सावलीत पैसं.

शेड म्हणजे ऑफिस. आत एक लोखंडी टेबल, एक जुना टाइपरायटर, हजेरीचे कागद आणि ओव्हरसिअर साहेब. साहेब कोकणाकडचे, चष्म्याच्या तुटक्या काडीला दोरा बांधलेला, स्वभावाने भले आणि भित्रे. कुणी मोठ्याने बोललं की ते पेन शोधायला लागायचे. मला ‘अहो बाई’ म्हणायचे. एकोणीस वर्षांच्या मुलीला कुणी अहो म्हणावं हे मला तेव्हा फार मोठं वाटायचं.

साहेबांना सूचना लावायची हौस. हजेरी येथे, पगार येथे, पाळणे बाभळीखाली. मी टाइप करायची, आणि खळ लावून शेडच्या बाहेरच्या भिंतीवर डकवायची. खळ मिलोच्या, म्हणजे रेशनवर आलेल्या लाल परदेशी ज्वारीच्या, पिठाची. खाण्यापेक्षा चिकटवायलाच ते पीठ बरं होतं. पण कामावरच्या शंभरातल्या नव्वद बायांना वाचता येत नव्हतं. दिवसभर दारात एकच प्रश्न, ‘बाई, हजेरी कुठं हाय वं?’ सांगून सांगून मी वैतागले. मग एका दुपारी मला सुचलं, बाण काढावा.

मराठी टाइपरायटरवर बाण नाही. शाईने काढला असता तर चार रेघांत झाला असता, पण साहेबांचा नियम, सरकारी कागदावर हाताने काही नको. म्हणून मी फुलस्केप कागद आडवा घातला आणि आडव्या रेघेचं बटण मारत सुटले. एक ओळ रेघांची, तिच्या खाली अर्धी ओळ सोडून दुसरी, मग तिसरी, असा बाणाचा दांडा. पुढे तोंड करायचं तर प्रत्येक ओळ आदल्या ओळीपेक्षा थोडी पुढे न्यायची, मधल्या ओळीला टोक येऊ द्यायचं आणि पुन्हा मागे यायचं. एक रेघ चुकली की बाणाला दात पडल्यासारखं दिसायचं आणि कागद टोपलीत. पहिला बाण जमेपर्यंत जेवणाची सुट्टी होऊन गेली. पण तो जमला तेव्हा मी शेडच्या बाहेर जाऊन लांबून बघितला, आणि खरंच, तो चालता दिसत होता. त्या दिवसापासून दारात येऊन कुणी विचारेना. बाया भिंतीकडे बघायच्या आणि वळायच्या. पाळण्यांसाठी मी डावा बाणही केला. साहेब खूश. मी त्यांच्याहून जास्त खूश. मावशी म्हणाली, अक्षर मला येत न्हाई, पर हे कळतंय.

आता पाण्याचं सांगते.

शेडच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला कडुलिंब होता, त्याच्या सावलीत पाण्याचं एक पिंप. डाव्या हाताला उतार, तिथे दगडांच्या ढिगाशी, उन्हात, दुसरं पिंप. टँकर आधी लिंबाखालचं भरायचा, उरलं तर खालचं. लिंबाखालच्या पिंपावर लांब दांड्याचं पितळी वगराळं टांगलेलं, खालच्याला पत्र्याचा एक चेपलेला डबा. कुणी कुठे प्यायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. मावशी आणि गावाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या बाया पाटी ठेवली की डोळे मिटूनही खालीच गेल्या असत्या. खालचं पिंप कोरडं असलं, आणि ते आठवड्यातून दोन-तीनदा असायचंच, तर लिंबाजवळ जाऊन लांब उभं राहायचं. वरच्यांचं पिऊन झालं की कुणीतरी वगराळं उंच धरून ओंजळीत ओतायचं. मिळालं तर मिळालं. मी शेडमध्ये बसून हे रोज बघायची. माझा माठ वेगळा होता, सरकारी, आणि त्यातलं पाणी मला गोड लागत नव्हतं.

मे महिन्यात दुसरीकडचं एक काम बंद पडलं आणि तिथली माणसं आमच्याकडे आली. त्यांना इथली रीत ठाऊक नाही, आणि ती कुठली, कोण, हे इथल्यांना ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी त्यांतली एक बाई सरळ लिंबाखाली गेली, वगराळं काढलं आणि प्यायली. कुणीतरी तिला जात विचारली. ती म्हणाली, तहान लागली हाय, जात कशाला इचारतीस. त्यावरून जी बाचाबाची झाली ती थेट गावच्या आप्पांपर्यंत गेली. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागाईतदार, सोसायटीत आणि पंचायतीत त्यांचाच शब्द. दुसऱ्या दिवशी ते शेडमध्ये आले. आवाज न चढवता बोलणारा माणूस. तेच जास्त वाईट.

आप्पांचं म्हणणं साधं होतं. बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून पाण्याची सूचना लावा. साहेब पेन शोधायला लागले. म्हणाले, आप्पा, तसं काही लिहिता येणार नाही, कायदा आहे, माझी नोकरी जाईल.

आप्पा आत येताना भिंतीवरचे माझे बाण बघून आले होते. म्हणाले, ‘ल्ह्या कोण म्हणतंय? नुसता बाण काढा. गावकरी हिकडं, इतर तिकडं. बाणाला कुठला कायदा लागतुया?’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला थोडं बरं वाटलं असतं.

आप्पा गेल्यावर मी यंत्रात कागद घातला आणि तो तसाच राहिला. मी उठले, माठापर्यंत गेले, पाणी न पिता परत आले. शेडला चार चकरा मारल्या. पत्रा तापून कटकट वाजत होता. मला राग कुणाचा यावा तेही समजेना. आप्पांचा, साहेबांचा, की त्या बाणाचा, जो मी ओठ चावत, जीभ बाहेर काढत एवढ्या कौतुकाने बनवला होता. आतापर्यंत जे कुणी लिहीत नव्हतं ते माझ्यामुळे लिहिता येणार होतं, तेही एक अक्षर न लिहिता. उतारावर मावशी पाटी घेऊन जाताना दिसत होती. तिचा जन्म त्या गावातला, लग्न त्याच गावात, नवरा त्याच मातीत पुरलेला. ती गावकरी नव्हे तर कोण? आणि तिला ‘इतर’ म्हणून उन्हातल्या पिंपाकडे ढकलणारा बाण तिच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीने काढायचा. नाही म्हटलं तर साहेब दुसरीकडून काढून घेणार आणि मी भांडगावला भाकऱ्या थापणार. हो म्हटलं तर रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून जेवायचं कसं? माझा पाय इतका हलत होता की टेबलावरची टाचणीची डबी सरकत सरकत खाली पडली.

टाचण्या गोळा करता करता ठरलं. कसं ठरलं ते विचारू नका. मी बसले आणि रेघा मारायला लागले. वर ‘पिण्याचे पाणी’. त्याखाली ‘गावकरी’ आणि बाण, उजवीकडे. त्याखाली ‘इतर’ आणि बाण. तोही उजवीकडे. इतका सुबक बाण मी त्याआधी काढला नव्हता. एकही दात पडला नाही.

साहेबांनी कागद हातात घेतला आणि दाराबाहेर भिंतीशी जाऊन उजेडात धरला.

‘अहो बाई, दोन्ही एकाच बाजूला?’

मी म्हटलं, ‘साहेब, यंत्र जुनं झालंय. गाडी एकाच बाजूला सरकते. डावा बाण निघत नाही.’

त्यांच्या डोक्यावर, बरोबर वीतभर वर, पाळणाघराची सूचना होती. डाव्या बाणाची. ती त्यांनीच मला लावायला सांगितली होती आणि शाबासकीही दिली होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, दोरा कानामागे नीट केला. मग आत येऊन सही केली, शिक्का मारला, आणि मला म्हणाले, मी दोन दिवस शिरूरला मीटिंगला आहे. असली कुठली मीटिंग नव्हती. भित्रा माणूसही कधीकधी आपल्या परीने वागतो.

सकाळी मी कागद डकवला. मावशीला काही सांगितलं नाही. काय सांगणार? तू जा म्हणू? जाऊ नको म्हणू? दुपारची सुट्टी झाली तेव्हा मी दारातच उभी होते, आत बसणं शक्यच नव्हतं. टँकर येऊन गेला होता, त्या दिवशी खालचं पिंपही काठोकाठ भरलं होतं. मावशी वाड्यातल्या बायांबरोबर उताराला लागली, आणि जाता जाता भिंतीकडे बघून थांबली. मागे आली.

‘वर काय लिवलंय?’

‘गावकरी.’

‘आन् त्याच्या खाली?’

‘इतर.’

तिने दोन्ही बाणांवरून डोळे फिरवले, शेतातल्या तासावरून फिरवतात तसे. ‘ह्यो शिक्का सरकारचा हाय?’

मी म्हटलं, व्हय.

मावशी लिंबाकडे वळली. बाकीच्या तिथेच उभ्या राहिल्या. तिने टांगलेलं वगराळं काढलं, पिंपात बुडवलं आणि डोकं मागे टाकून प्यायली. घाई केली नाही. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून त्या ठिगळांवर ओघळत होतं. मग वगराळं पुन्हा भरून तिने मागच्या बायांकडे धरलं आणि त्या एकेक करून पुढे आल्या. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला नुसती भीती वाटत होती.

मग आप्पांचा मुकादम धावत आला. मावशी म्हणाली, कागद बघा, सरकारनं दावलंय. तो भिंतीपाशी आला, त्याला वाचता येत होतं, त्याने वाचलं, आणि वाचून झाल्यावर लिंबाकडे परत जाऊन त्याने पिंपाला लाथ घातली. एकदा नाही हललं, दुसऱ्यांदा आडवं झालं. त्या वर्षी मी कुणाच्या तोंडून पाणी वाया गेल्याचं ऐकलं नव्हतं, आणि इथे माझ्या डोळ्यांसमोर पिंपभर पाणी लिंबाच्या मुळांत जिरलं. गावातल्या बाया त्या ओल्या मातीकडे बघत राहिल्या. त्यांच्यात एक म्हातारी होती, आप्पांच्याच भावकीतली, दुष्काळाने तिलाही खडीवर आणलं होतं. ती मुकादमाला म्हणाली, ‘पानी सांडतूस? तुझ्या बापानं आनलं व्हतं व्हय रं?’ तो तिथून निघून गेला. टँकर आता दुसऱ्या दिवशी सकाळी.

सुट्टी संपली, पुन्हा पाट्या सुरू झाल्या. ऊन असं की दगडाला हात लावता येत नव्हता. पाणी फक्त उतारावरच्या पिंपात होतं, कारण त्या दिवशी तिथे कुणी प्यायलंच नव्हतं. दुपार कलली तशी मी बघत होते. गावातल्या बाया उताराकडे मान वळवायच्या आणि पुन्हा सरळ करायच्या. काहीजणी पदर दातात धरून काम करत राहिल्या, संध्याकाळपर्यंत करत राहिल्या आणि तशाच कोरड्या घरी गेल्या. पण ती म्हातारी आली. तिच्यामागे एक पोटुशी सून, तिच्यामागे आणखी दोघी-तिघी. मावशी पिंपाजवळ पाटी भरत होती. म्हातारीने तिच्याकडे न बघता ओंजळ पुढे केली.

मावशीने चेपलेला डबा बुडवला. वरून ओतला नाही. म्हातारीपुढे धरला.

‘ओंजळ आमी धरायची आजी. तुमी डबा घ्या.’

म्हातारी तशीच उभी राहिली. तिचे हात ओंजळीसारखेच होते. मग तिने ओंजळ सोडली, डबा घेतला आणि तोंडाला लावला. पिऊन झाल्यावर तो सुनेच्या हातात दिला. मी शेडच्या दारात होते, आणि माझ्या लक्षात आलं की माझा पाय हलत नाहीये.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण ते फार नाही. रात्रीतून कुणीतरी माझा कागद फाडला. आप्पांनी दुसरा मागितला, साहेबांनी त्यांना यंत्र बिघडलंय म्हणून सांगितलं आणि तो विषय पावसाळ्यापर्यंत ढकलला. पिंपं आपापल्या जागी राहिली. म्हणजे जग बदललं वगैरे काही नाही. ती म्हातारी मात्र कधी लिंबाखाली, कधी उतारावर, जे जवळ पडेल तिथे प्यायची, आणि तिला कुणी विचारत नव्हतं. पाऊस पडल्यावर माझी नोकरी संपली. भांडगावचं स्थळ तोवर दुसरीकडे जुळलं होतं, सुंठीवाचून खोकला गेला. मी पुढे दौंडलाच एका ऑफिसात लागले आणि तीस वर्षं मशिनवर बसले. बाण पुष्कळ काढले. प्रत्येक वेळी उठून एक चक्कर मारल्याशिवाय नाही.

पण त्या दिवशीची संध्याकाळ राहिली. आम्ही दोघी घरी चाललो होतो. मावशी नेहमीसारखी पुढे, मी मागून जवळजवळ पळत. वाटलं, हिला राग आलाय. मी मागे राहून कागदावर रेघा मारल्या आणि लाथ पडायच्या जागी उभी राहिली ती. उद्या हिला कामावरून काढलं तर? वाटेत कुणी अडवलं तर? मला माफी मागायची होती आणि शब्द जुळत नव्हते. रेघा जुळवणं सोपं होतं.

घराजवळ आल्यावर ती थांबली. कडी काढता काढता, मागे न बघता म्हणाली,

‘दोनी बाण तूच तिकडं केलंस न्हवं?’

मी म्हटलं, व्हय मावशी.

ती आत गेली. पेटीशी वाकली, झाकण उघडलं, आतलं पांढरं लुगडं हाताने चाचपलं आणि पुन्हा झाकण लावलं. मग माझ्याकडे वळली. तिच्या अंगावरच्या ठिगळांवर, गळ्यापाशी, पाण्याचे वाळलेले ओघळ मातीत दिसत होते.

‘मग आदल्या दिशी सांगायचं न्हाईस का, पोरी? हे नेसून गेले असते.’